पिवळं कुलूप

उद्या सकाळी नऊ वाजता धाकटी पुन्हा त्याच लिफ्टच्या शाफ्टमध्ये शिरणार होती, आणि तिचे हात थरथरणार होते. आईला हे कुणी सांगितलं नव्हतं. रविवारी संध्याकाळच्या फोनवर धाकटी तर उलटंच म्हणाली होती, "आता मला काही होत नाही गं." पण आईने तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काढली होती. काचेची नळी कुणाच्या हातून फुटणार, हे तिला मुलांच्या बोटांकडे बघून आधीच कळायचं. ढिली धरणाऱ्याच्या हातून क्वचित फुटते. फुटते ती घट्ट आवळून धरणाऱ्याच्या हातून. धाकटीचा आवाज तसा होता, आवळून धरलेला.

फोन ठेवल्यापासून आईने तोच टॉवेल तीनदा घडी घालून तीनदा उलगडला. समोर बाबा शब्दकोडं सोडवत बसले होते. नोकरीभर त्यांनी टपाल निवडण्याचं काम केलं होतं, त्यामुळे सगळ्या गोष्टींकडे ते टपाल म्हणूनच बघत.

"तुझ्या भीतीचं एक बरं आहे," ते मान वर न करता म्हणाले. "पत्ता नसला तरी पोचते."

"तुम्हाला चेष्टा सुचते."

"मलाही भीती वाटते. पण मी तिच्यावर तिकीट लावत नाही."

आईच्या साडीच्या ओच्यात एक चिठ्ठी होती. तिच्यावर तिच्याच अक्षरात, प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर लिहायची तशा ठसठशीत अक्षरात, धाकटीच्या सुपरवायझरचा नंबर लिहिलेला होता. एक फोन केला की उद्याचं सगळं टळत होतं.

धाकटी लहानपणी पडायची नाही, चढायची. चार वर्षांची असताना एकदा घरभर शोधाशोध झाली, आणि ती सापडली कपाटावर, पाय हलवत बसलेली. खाली आई दोन्ही हात वर पसरून उभी. "वर कशी गेलीस?" असं विचारल्यावर कार्टी शांतपणे म्हणाली, "आधी खुर्ची, मग दार, मग मी." हे वाक्य पुढे घरात म्हणीसारखं झालं. परीक्षा असो, दुखणं असो, बाबा म्हणायचे, आधी खुर्ची, मग दार, मग मी.

थोरलीने बँकेतली खुर्ची धरली आणि धाकटीने लिफ्टचा दोर. आईची इच्छा तिने पदवी घ्यावी अशी होती. तिने तंत्रशाळेचा दाखला घेतला आणि लिफ्ट दुरुस्तीच्या एका कंपनीत लागली. तिथे तोवर एकही मुलगी नव्हती. पहिल्याच आठवड्यात तिचं नाव खारूताई पडलं, कारण शिडीवर ती पायांनी चढते की नखांनी, हे कुणाला कळत नसे. तिला शिकवायला दिलं होतं एका जुन्या मेकॅनिकच्या हाताखाली. त्यांना सगळे वस्ताद म्हणत. वस्ताद पहिले पंधरा दिवस तिच्याशी बोललेच नाहीत. सोळाव्या दिवशी म्हणाले, "पान्हा परत जागेवर ठेवतेस. चालेल."

आईची मात्र पाचावर धारण बसलेली. मुलगी रोज इमारतीच्या पोटातल्या अंधाऱ्या बोळात उतरते, खाली सात मजल्यांची पोकळी आणि वर लोंबणारी मोठमोठी वजनं, हे तिला सहन होईना. तेव्हा तिची समजूत काढायला एकदा जेवणाच्या टेबलावर धाकटीने मीठदाणी आणि दोन चमचे मांडून तिला त्यांच्या कामाची रीत दाखवली होती.

"ही मीठदाणी म्हणजे वरच्या खोलीतला मोठा स्विच. तो बंद केला की लिफ्ट मेली. आता मी शाफ्टमध्ये शिरणार, तर आधी स्विच बंद करून त्याला माझं स्वतःचं कुलूप घालणार. किल्ली माझ्या गळ्यात. वस्तादही शिरणार असतील तर त्यांचं वेगळं कुलूप, त्यांची किल्ली त्यांच्या गळ्यात. पाच माणसं आत, तर पाच कुलपं. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही, मालक आला तरी नाही. बाहेर आलं की स्विचजवळ उभं राहून मोठ्याने सांगायचं, खार बाहेर. मग आपलं कुलूप काढायचं. शेवटचं कुलूप काढणाराच स्विच चालू करतो, त्याआधी तो चालूच होत नाही. आता सांग, घाबरायचं काय आहे?"

आईचा जीव तेव्हा जरा भांड्यात पडला होता. तिच्या बाटल्यांसारखीच ही व्यवस्था होती, ज्याची चिठ्ठी त्यालाच. सगळी कुलपं सारखीच दिसतात म्हणून प्रत्येकजण आपापलं रंगवतो, हे कळल्यावर तिने स्वयंपाकघराच्या खिडकीला लावून उरलेला पिवळा रंग काढला आणि धाकटीचं कुलूप स्वतः रंगवून दिलं. दोन हात दिले. वस्ताद म्हणाले म्हणे, "कुलूप आहे की केळं?"

पाच वर्षं ते पिवळं कुलूप रोज लागलं आणि रोज निघालं.

अपघात झाला त्या दिवशी सकाळी वस्तादांच्या कुलपात त्यांची किल्ली मोडली. दुसरं कुलूप आणायला कंपनीत जायचं तर पाऊण तास गेला असता, आणि इमारतीतली म्हातारी माणसं दोन दिवस जिने चढत होती. "आज तुझ्याच कुलपावर दोघं," वस्ताद म्हणाले. पस्तीस वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. दोघं पाचव्या मजल्यावरून लिफ्टच्या टपावर उतरले. टपावर उभं राहून लिफ्ट थांबवायचं जे बटण असतं, तेच बिघडलं होतं, तेच बदलायचं होतं. म्हणजे त्या दिवशी त्या दोघांच्या जिवाला राखण फक्त वरच्या कुलपाची होती.

आणि त्याच सकाळी आईने पेपरात एक बातमी वाचली. कुठल्याशा दूरच्या शहरात लिफ्टचा दोर तुटला होता. चार ओळींची बातमी. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तसं तिचं झालं. पहिला तास गेला, दुसरा गेला. मधल्या सुट्टीत तिच्या हातून मोजपात्र फुटलं. मग तिला राहवेना. तिने फोन लावला.

"आत आहेस की बाहेर?"

"आत होते. तुझा फोन दिसला म्हणून बाहेर आले. काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. मलाच कसंतरी होत होतं. पेपरात आलंय बघ, दोर तुटून..."

"आई, एक दोर तुटला तरी लिफ्ट पडत नाही. पाच असतात. किती वेळा सांगू?"

"तू बाहेर आहेस ना पण?"

"हो गं, बाहेर आहे."

"नक्की?"

"आता काय जिन्याचा आवाज ऐकवू? हा ऐक. वरच्या खोलीत चाललेय पाणी प्यायला. बाहेर आहे, धडधाकट आहे, भूक लागलीय. झालं?"

खरंच लोखंडी जिन्यावरची पावलं ऐकू आली होती. आईचं समाधान होईना. नीट खात जा, शिडी बघून चढ, मोज्यांना भोकं पडलीत ती टाक, असं ती बोलतच राहिली. धाकटी हं हं करत होती. शेवटी आई म्हणाली, "बरं ठेव, सांभाळून कर," आणि तिकडून "हो, बाहेर आहे," असं काहीतरी भलतंच उत्तर आलं. पोरीचं लक्ष नव्हतं. मागे खट् असा एक बारीक आवाज झाला आणि फोन बंद झाला.

आईचं मन हलकं झालं. तिने काचांचे तुकडे केरात भरले.

बाराच्या सुमारास तळमजल्यावर कुणीतरी लिफ्टचं बटण दाबलं, आणि लिफ्ट चालू झाली. वस्ताद टपावर ओणवे होऊन काम करत होते. ते ओरडले. लिफ्ट दीड मजला खाली गेली आणि थांबली, तोपर्यंत त्यांचा डावा पाय टपाची कड आणि भिंतीतला लोखंडी अँगल यांच्यामध्ये सापडला होता. घोटा चुरला, दोन बोटं गेली. जीव वाचला.

कंपनीने चौकशी केली. धाकटी म्हणाली, "कुलूप माझं होतं, मीच काढलं. चूक माझी." का काढलं, असं विचारल्यावर म्हणाली, "सांगता येत नाही." वस्तादांनी दवाखान्याच्या खाटेवरून लिहून दिलं की एका कुलपावर दोघं हा निर्णय माझा, तेव्हा चूक अर्धी अर्धी. फोनबद्दल कुणीच काही बोललं नाही. कुणी विचारलंही नाही.

आईने मात्र त्या संध्याकाळी आपला फोन उघडून बघितला होता. अकरा बेचाळीस. सहा मिनिटं. मग तिने स्वतःला समजावलं, बारापर्यंत मध्ये बारा मिनिटं जातात, बारा मिनिटांत माणूस काय काय करतो, त्याचा आणि आपल्या फोनचा काय संबंध? बोलाफुलाला गाठ पडली, इतकंच. पण त्या दिवसापासून तिने धाकटीला फोन करणं सोडलं. फोन आला तर घ्यायचा, आपण लावायचा नाही. बोट त्या नावापर्यंत जायचं आणि पोळल्यासारखं मागे यायचं.

धाकटी अडीच महिने घरी राहिली. पहिले काही आठवडे ती माणसात नव्हती. न्हाणीघराची कडी लावेना. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशीकडे जायचं तर जिन्याने जायची, आणि जिन्यातही भिंतीला धरून. मध्येच आपल्या तळहातांकडे बघत बसायची, दुसऱ्या कुणाची वस्तू चुकून आपल्याकडे आली आहे अशा नजरेने.

मग एके दिवशी वस्तादांचा फोन आला. पाय प्लास्टरमध्ये, आणि माणूस हुकूम सोडतोय. काय बोलणं झालं ते आईला कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने पिवळं कुलूप काढलं आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या कडीला घातलं. किल्ली गळ्यात. चार पावलं मागे गेली, पुन्हा आली, कुणी ऐकत नसताना मोठ्याने म्हणाली, "खार बाहेर. वस्ताद बाहेर? वस्ताद, बाहेर?" थोडा वेळ थांबली. मग तिने किल्ली फिरवली.

खट्.

आई ओट्यापाशी उभी होती. तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. हा आवाज तिने आधी ऐकला होता. फोनमधून ऐकला होता, सहाव्या मिनिटाला, मोज्यांच्या भोकांवर बोलत असताना. म्हणजे बारा मिनिटंही नव्हती आणि गाठ पडणंही नव्हतं. पोरगी तिच्या समाधानासाठी बाहेर आहे, बाहेर आहे म्हणत वर गेली, आणि बाहेर आलेला माणूस रोज जे करतो ते तिच्या हातांनी तिला न विचारता केलं. आईने सांभाळून कर म्हणून फोन केला होता.

"वीस वेळा करायचंय रोज," धाकटी म्हणाली. "वस्ताद म्हणतात, हाताला शिकवायचं की आधी विचार, मग फिरव."

रोज वीस वेळा खट्. आईने चार दिवस काढले. पाचव्या दिवशी धाकटी अंघोळीला गेली असताना तिने ते कुलूप उचललं आणि पिठाच्या डब्यात खोल पुरलं.

धाकटीने दुपारपर्यंत शोधलं. कपाटं, उशा, चपलांचा खण. ओरडली नाही, चिडली नाही. संध्याकाळी येऊन आईसमोर उभी राहिली आणि हात पुढे केला.

"आई, दे."

"काय?"

"कुलपाला काय कळतंय? दे."

आईने पिठात कोपरापर्यंत हात घालून कुलूप बाहेर काढलं. पांढरंफटक झालं होतं. धाकटीने फुंकर मारली, पीठ दोघींच्या तोंडावर उडालं, आणि कितीतरी आठवड्यांनी ती हसली. "वस्तादांना सांगते, केळ्याचा लाडू झाला."

आईही हसली. हसता हसता सांगून टाकायची वेळ होती ती. तिने नाकावरचं पीठ पुसलं आणि भाजी बघायला गेली.

पुढच्या पायऱ्या वस्तादच फोनवरून देत गेले. उघड्या लिफ्टसमोर नुसतं उभं राहा. आत जा, बटण दाबू नकोस. एक मजला जा. खाली उतर, जिन्याने ये, रड वाटलं तर, पण उद्या परत जा. धाकटी घामाने भिजून यायची, दोनदा तर जिन्यात ओकली. पण जायची. आधी खुर्ची, मग दार. आई खिडकीतून बघायची आणि ती नजरेआड झाली की खिडकीचा गज धरून उभी राहायची. लोक म्हणतात मूल खंबीर झालं की आईबापांना बळ येतं. आईला उलटा अनुभव येत होता. पोरगी एक पायरी चढली की तिच्या काळजाची एक पायरी ढासळायची.

धाकटी परत आपल्या भाड्याच्या खोलीवर गेली, कामावर रुजू झाली. कंपनीने तिला टेबलावर बसवलं होतं. लिफ्ट अडकली की लोक फोन करतात, तो घ्यायचा. सुपरवायझर भला माणूस. त्याने आईला आपला नंबर देऊन ठेवला होता. "तुम्हाला वाटलं ना की ती तयार नाही, तर मला नुसतं कळवा. तिला न सांगता कायमची टेबलावर ठेवू." तीच ती चिठ्ठी.

धाकटी गेल्यावर आई एकदा वस्तादांना बघायला गेली. तळमजल्यावरची एक खोली. वस्ताद पाय स्टुलावर ठेवून कुणाचं तरी गजराचं घड्याळ उघडून बसले होते. त्यांच्या बायकोने चहा आणला आणि म्हणाली, "बघा ना ताई, घरात आठ घड्याळं झालीत. सगळी वेगवेगळी वाजतात. पाय बरा होईपर्यंत मी बहिरी होणार."

"तुमची मुलगी बरी आहे," वस्ताद म्हणाले. "लोक म्हणतात तिने कुलूप काढलं. काढलंच. पण मी ओरडल्यावर दुसरा कुणी असता तर काय झालं बघायला शाफ्टकडे पळत आला असता. ती वर स्विचपाशी होती, तिथून हलली नाही. जागेवरून स्विच पाडला. दीड मजल्यात थांबवली तिने लिफ्ट. आणखी खाली गेली असती तर तिसऱ्या मजल्याचा अँगल माझ्या छातीवर आला असता. हे तिला कुणी सांगत नाही, म्हणून मी रोज सांगतो."

"मग आता ती... पूर्वीसारखी होईल?"

वस्तादांनी घड्याळाचा एक बारीक स्क्रू जिभेने ओला करून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला चिकटवला.

"एक अडतंय. मी तिला विचारतो, का काढलंस? म्हणते, माहीत नाही. दहादा विचारलं. खोटं बोलते असं नाही म्हणत मी. पण ताई, फरशीवर घसरलेल्या माणसाचं असं असतं. कशावरून घसरलो ते कळलं, तर तो त्या एका फरशीला घाबरतो. नाही कळलं, तर सगळ्या घराला घाबरतो. ती आता सगळ्या घराला घाबरतेय. हात शिकवता येतात. पण हात का गेला हे तिला सांगता आलं पाहिजे, नाहीतर एक दिवस शाफ्टमध्ये तिचा स्वतःवरचा भरवसा उडेल. आणि तिथे भरवसा उडणं वाईट."

उत्तर आईच्या जिभेवर होतं. चार शब्दांचं. माझ्याशी बोलत होती ती. समोर स्टुलावर तो पाय होता, तीन बोटांचा.

"चहा छान झालाय," आई म्हणाली. "येते मी."

ती घरापर्यंत चालत आली. रस्ता ओलांडताना दोनदा तिच्यासाठी गाडीवाल्यांना थांबावं लागलं.

हे सगळं होऊन आता सहा महिने झाले होते. आणि रविवारी संध्याकाळी धाकटीचा फोन आला होता.

"उद्या आहे. तीच इमारत. मीच मागून घेतली. वस्ताद येणारेत काठी टेकत, स्विचपाशी खुर्ची टाकून बसणारेत. म्हणाले, माझं कुलूप पण लावणार, आत शिरणार नसलो तरी."

"हात कसे आहेत?"

"ठीक आहेत. आता मला काही होत नाही गं." मग म्हणाली, "साडेआठला फोन पिशवीत घालते. दिवसभर बाहेर काढायचा नाही, असं ठरवलंय. त्याच्या आधी काही असेल तर सांग."

"काही नाही. काय असणार?"

"हं. आई, एक विचारू? तू मला फोन का करत नाहीस? खोलीवर परत आल्यापासून मीच करतेय."

"तू कामात असतेस."

"रविवारी पण?"

तिकडे धाकटीच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता. मग धाकटीनेच "बरं, ठेवते" म्हटलं होतं.

सोमवारी आईला साडेपाचलाच जाग आली, म्हणजे झोप लागली होती असं धरलं तर. तिने दूध तापवलं. चिठ्ठी स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवली, तिच्या शेजारी फोन, फोनशेजारी घड्याळ. पावणेसात. सुपरवायझर सातला उठतो म्हणाला होता. तिला फक्त एवढंच म्हणायचं होतं, ती तयार नाही. ते खरंही होतं. नऊ वाजता धाकटीला कुणीतरी सांगेल, आज नको, टेबलावर बस. ती एक दिवस रागावेल, एक महिना रागावेल. पण तिचे पाय जमिनीवर असतील, दोन्ही, सगळ्या बोटांसकट.

आणि ती जन्मभर सगळ्या घराला घाबरेल.

आई उठली, गॅस बंद आहे ना ते बघितलं, परत बसली. तिला वाटलं, पोरीला खरंच आठवत नसेल का? की आठवतंय आणि ती आपल्याला वाचवायला गप्प आहे? चौकशीत, वस्तादांसमोर, सहा महिने? आणि काल विचारलं ते काय म्हणून विचारलं? "त्याच्या आधी काही असेल तर सांग." दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ती तर फुंकरच मारत बसली होती, आणि प्यायची वेळ पोरीवर आणली होती.

बाबा दारात येऊन उभे राहिले. चिठ्ठी बघितली. त्यांना नंबर कुणाचा ते माहीत होतं.

"कुणाला करतेयस?"

"ठरवतेय."

"हं." त्यांनी कपात दूध ओतून घेतलं. "मी तुला कधी विचारलं नाही. पण त्या दिवशी तू शाळेतून घरी आलीस तेव्हा अपघाताचा फोन यायचा होता. आणि तू खूश होतीस. म्हणालीस, बोलले तिच्याशी, बाहेर आहे ती."

"तुम्हाला माहीत होतं?"

"टपाल निवडायचं काम केलंय मी. उघडायचं नाही, ही पहिली शिकवण." ते कप घेऊन बाहेरच्या खोलीत गेले. जाता जाता दार लोटून घेतलं, अगदी हळू.

सात वाजून पाच. सुपरवायझर उठला असेल. आईने चिठ्ठी उलटी करून घड्याळाखाली सरकवली. मग तोंडातल्या तोंडात वाक्य जुळवायला लागली. अकरा बेचाळीसला मी तुला फोन केला. तू माझ्यासाठी बाहेर आलीस. मी तुला सहा मिनिटं सोडलं नाही. कुलूप निघाल्याचा आवाज मी ऐकलाय. का काढलंस हे तुला माहीत नसेल तर मला माहीत आहे. आज वस्तादांना हे सांग, आणि मग आत जा. तू म्हणालीस तर मी स्वतः त्यांच्याशी बोलते. एवढंच. सांभाळून कर म्हणायचं नाही. जाऊ नकोस म्हणायचं नाही. मोज्यांचा विषय काढायचा नाही. दोन मिनिटांत आटपायचं, तिसरं लागू द्यायचं नाही. तिने घड्याळ आपल्यासमोर नीट वळवून ठेवलं.

म्हणून बघितलं तर पहिल्याच शब्दाला आवाज फुटला. पाणी प्यायली. दुसऱ्यांदा जरा बरं जमलं. आधी खुर्ची.

यादीत धाकटीचं नाव सगळ्यात वर होतं. तिने बोट तिथे नेलं, आणि ते नेहमीसारखं मागे आलं. तिने उजव्या हाताचं मनगट डाव्या हाताने धरलं, प्रयोगशाळेत घाबरलेल्या मुलाचं धरायची तसं, घट्ट न आवळता, आणि बोट पुन्हा त्या नावावर ठेवलं.

तिकडे घंटा वाजायला लागली.